आधी क्रियापद, मग ‘फॉर’ आणि ‘सिन्स’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘दहा वर्षांपासून’ हे इंग्रजीत कसं सांगायचं, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. मराठी वाक्यांवरून इंग्रजी शिकवणं ही जुनाट पद्धत आहे. ‘कालावधी असेल तर फॉर, सुरुवातीची वेळ असेल तर सिन्स’ ही एक ओळ पुरेशी असताना मी उगाच कीस पाडला. आणि चुकलं तरी समोरच्याला कळतंच. तुम्ही तळमळीने लिहिलं आहे, म्हणून मीही सविस्तर उत्तर देते.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण खरी गोम तिथेच आहे. तुमची ती ओळ बरोबर आहे, पण तिने वाक्य अर्धंच दुरुस्त होतं. आपला विद्यार्थी म्हणतो, ‘आय ॲम हिअर सिन्स टू वीक्स.’ तुमचा नियम आठवून तो ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ घालतो: ‘आय ॲम हिअर फॉर टू वीक्स.’ त्याच्या मते काम झालं. प्रत्यक्षात पहिलं वाक्य चुकीचं असूनही अर्थ पोचत होता, दुसऱ्यात तो फिरला. दुसऱ्याचा अर्थ होतो, ‘मी इथे दोन आठवड्यांसाठी आलोय.’ येऊन दोन आठवडे झाले, असं सांगायचं तर ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स’ म्हणायला हवं.

प्रश्न ऐकतानाही हाच घोळ होतो. परदेशात इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ असं विचारलं, तर एकूण किती दिवस राहणार ते सांगायचं असतं. ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ विचारलं, तर येऊन किती दिवस झाले ते. उत्तरात ‘फॉर’ दोन्हीकडे येऊ शकतो. फरक आहे तो ‘आर’ आणि ‘हॅव बीन’मध्ये. मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलं की ती नोकरी सुटली, असंच समोरचा समजणार. ती अजून चालू असेल तर ‘आय हॅव बीन वर्किंग देअर’ हवं. तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तरही यातच आलं. ‘सिन्स टेन इयर्स’ म्हटल्याने आपल्याकडच्या ऑफिसांत कुणाचं काही अडत नाही, हे मला मान्य आहे. तसं बोलणाऱ्याला हसणं तर मला मुळीच आवडत नाही. पण क्रियापद चुकलं की कधी कधी खरंच काहीतरी वेगळं कळतं.

आता मराठीचा आधार का, ते सांगते. ही चूक येते कुठून? आपण ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतोय’ म्हणतो, आणि त्यात क्रियापद सरळ वर्तमानकाळी असतं. जर्मनमध्ये ‘झाइट’ आणि फ्रेंचमध्ये ‘दप्युई’ वापरून असंच वर्तमानकाळी वाक्य करतात, म्हणून ती माणसंही इंग्रजी शिकताना इथेच अडखळतात. खुद्द इंग्रजीतही पूर्वी असं चालायचं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तिसऱ्या अंकात ओफेलिया राजपुत्राला विचारते, ‘हाउ डझ युअर ऑनर फॉर धिस मेनी अ डे?’ इतक्या दिवसांत कसं चाललंय, असं तिला विचारायचं आहे. आज तिथे ‘हॅव यू बीन’ म्हणावं लागेल. म्हणजे आपल्या मुलांचं वाक्य हा काही अडाणीपणा नव्हे, ती भाषेची एक सरळ वाट आहे. इंग्रजीने ती पुढे सोडली, एवढंच. विद्यार्थ्याला हे कळलं की तो स्वतःला ढ समजायचं थांबवतो, आणि माझ्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे.

‘फॉर’ आणि ‘सिन्स’चंही तसंच. ‘सोमवारपासून ताप आहे’, ‘तीन दिवसांपासून ताप आहे’, आपल्याला दोन्हीकडे ‘पासून’ चालतं. मग ओळखायचं कसं? ‘पासून’ गाळून ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून बघा. ‘गेले तीन दिवस ताप आहे’ हे वाक्य उभं राहतं, तिथे ‘फॉर’. ‘गेले सोमवार ताप आहे’ असं कुणी म्हणणार नाही, तिथे ‘सिन्स’. पाचवीतल्या मुलालाही हे कानाने कळतं, त्यासाठी त्याला व्याख्या पाठ करायला लावायची गरज नाही. ‘सिन्स लास्ट वीक’ बरोबर आणि ‘सिन्स लास्ट टू वीक्स’ चूक का, हेही याच कसोटीने सुटतं. ‘गेले दोन आठवडे खोकला आहे’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘फॉर द लास्ट टू वीक्स’. ‘गेल्या आठवड्यापासून’ यातलं ‘पासून’ मात्र काढता येत नाही.

‘नो’ (ओळखणं), ‘हॅव’ (जवळ असणं), ‘बी’ (असणं) या क्रियापदांना मात्र ‘हॅव बीन वर्किंग’सारखं ‘आयएनजी’ लावत नाहीत, हे मूळ लेखात आलंच आहे: ‘आय हॅव नोन हिम फॉर इयर्स.’

वर्गात चार वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं असतील, तर इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवा, माझी काहीच हरकत नाही. माझे वाचक मराठीत विचार करतात. त्यांच्या डोक्यात जे वाक्य आधी तयार होतं, तिथूनच मी सुरुवात करणार. आणि तुम्ही शिकवत असाल, तर एवढं जरूर करून बघा: पहिल्या तासाला ‘फॉर’, ‘सिन्स’चा विषयच काढू नका, फक्त ‘हॅव बीन’ पक्कं करून घ्या.