अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बोर्डावर ‘राजकारण नाही’ म्हणे!

गेले काही दिवस व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरतोय. गोषवारा असा: ‘अमेरिकेत डॉक्टरांना परवाना देणारं एकच राष्ट्रीय बोर्ड आहे. त्यावर निव्वळ गुणवत्तेवर माणसं बसतात. निवडणूक नाही. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलची निवडणूक होते, म्हणून सगळा बट्ट्याबोळ.’ यातली पहिली तीन विधानं चूक आहेत आणि चौथं अर्धवट.

एकच राष्ट्रीय बोर्ड तिथे नाहीच. परवान्यासाठीची यूएसएमएलई ही परीक्षा देशभर एक, पण परवाना ज्या-त्या राज्याचा. गोंधळ बहुधा ‘बोर्ड सर्टिफाइड’ या शब्दाने झाला असावा. ते विशेषज्ञतेचं प्रमाणपत्र, खासगी संस्था देतात.

निव्वळ गुणवत्ता? कॅलिफोर्नियाचं मेडिकल बोर्ड बघा. १५ सदस्य. १३ जणांना गव्हर्नर (तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख) नेमतो, एकाला सिनेटची नियम समिती, एकाला असेंब्लीचा सभापती. सिनेट आणि असेंब्ली ही राज्याच्याच विधिमंडळाची सभागृहं. म्हणजे नेमणारे सगळे राजकारणीच. पात्रतेच्या अटी आहेत, नाही असं नाही. ८ डॉक्टरांपैकी ४ जण वैद्यकीय कॉलेजात शिकवणारे लागतात. उरलेले ७ मात्र डॉक्टरच नसतात! (मला विचाराल तर ते ७ असावेतच. रुग्णाची तक्रार ऐकायला सगळे त्याच पेशातले कशाला?)

आता निवडणूक. दाताचे डॉक्टरही डॉक्टरच, म्हणून नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दंतवैद्यक बोर्डाचं उदाहरण घेऊ. त्याचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा बोर्डावर ८ जण होते. ६ दंतवैद्य, दंतवैद्यांनीच मतं देऊन निवडलेले. एक डेंटल हायजीनिस्ट (दात साफ करून देणारा तंत्रज्ञ), हायजीनिस्टांनी निवडलेला. आठवा ग्राहकांचा प्रतिनिधी, गव्हर्नरने नेमलेला. त्या सुमारास मॉलमधल्या टपऱ्यांवर दात पांढरे करून देण्याचा धंदा सुरू झाला होता, दवाखान्यापेक्षा स्वस्तात. दंतवैद्यांनी बोर्डाकडे तक्रारी केल्या. त्यांत इजा झाल्याचा उल्लेख क्वचित, कमी दराचा जास्त. बोर्डाने २००६ पासून ‘धंदा बंद करा’ अशी किमान ४७ पत्रं धाडली. टपऱ्या उठल्या. मग ‘स्पर्धकांना हुसकावलंत’ म्हणून केंद्राच्या व्यापार आयोगाने बोर्डालाच धरलं. २०१५ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं: ज्या बोर्डाची सूत्रं त्याच धंद्यात असलेल्यांच्या हाती आहेत, त्याच्यावर राज्य सरकारची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर ‘आम्ही सरकारी’ म्हणून त्याला स्पर्धा कायद्यातून सुटता येणार नाही.

म्हणून चौथं विधान अर्धवट म्हटलं. निवडणुकीत खोट असू शकते. इथे मतदारयादीत सगळे दात काढणारेच होते, दात दाखवायला येणारा एकही नव्हता. पण आपल्याकडचा सगळा दोष मतपेटीवर ढकलता येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या १९६५ च्या कायद्यात १८ पैकी ९ सदस्य निवडून यायचे आहेत. उरलेले ९ शासनाने नेमलेले किंवा पदसिद्ध. बट्ट्याबोळ झालाच असेल, तर त्या निम्म्यांचा हिशेब निरोपात कुठेच नाही.