साधन आधी आणि काम नंतर?

एक्सेलमध्ये काही करून द्यायचे म्हटले की नाशिकमधली माझी प्रत्येक बैठक एकाच वाक्यावर येऊन अडते: "व्हीबीए कशाला, ते तर जुने झाले!" १९९३ पासून एक्सेलच्या पोटात असलेली, त्यातली कामे आपोआप करून घेण्याची ही प्रोग्रामिंगची भाषा जुनी आहे हे मान्य, पण हा हिशेब कोणाच्या संगणकावर चालणार आहे, हे एकालाही विचारावेसे का वाटत नाही? सातपूरच्या एका कारखान्यात मालकांच्या भाच्याने पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा हट्ट धरला. एक्सेलमधले पायथॉन मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या त्यांच्या संगणकांवर चालते आणि त्या गोदामात इंटरनेट धड तासभर टिकत नाही. दुसरीकडे व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम बनवण्याच्या साधनातून व्हीएसटीओचे, म्हणजे विंडोजवरच्या एक्सेलला जोडायचे, अ‍ॅड-इन करून घेतले आणि महिन्याभराने सांगितले की साहेब मॅक वापरतात, जिथे ते चालतच नाही. तिसऱ्यांना मॅक्रो, म्हणजे व्हीबीएत लिहिलेले छोटे प्रोग्राम, हवे होते, तेही ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये, जिथे ते चालतच नाहीत!

या सगळ्याचा त्रास शेवटी होतो तो स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना. ईमेलने आलेली फाइल उघडली की वर लाल पट्टी येते, मॅक्रो बंद पडतात, मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'च्या चौकटीत खूण करावी लागते, आणि हे मी त्यांना फोनवर चार वेळा सांगितले आहे, कारण साधन ठरवताना त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. रोजची आवक-जावक नोंदवणारा माणूस समोर बसलेला नसेल, तर यापुढे मी साधनाविषयी एक शब्दही बोलणार नाही.