ओट्यापासून चार हात लांब

घरी स्वयंपाक करू नका. एवढं एक वाक्य वाचून थांबलात तरी हरकत नाही, काम झालं. ऑर्डर अजून आली नसेल तर मात्र वाचा पुढे. बाहेर पाऊस आहे, वेळ लागेल.

स्वयंपाकघर नको असं मी म्हणत नाही. ते हवंच, आणि चांगलं खर्च करून केलेलं हवं. आवाज न करता मिटणाऱ्या ट्रॉल्या, काचेची शेगडी, वर चिमणी. पाहुणे आले की चिमणीचं बटण दाबून दाखवा. फक्त खाली फोडणी घालू नका. तेल उडतं, काचेवर डाग पडतो, आणि मग घर राहतं असल्यासारखं दिसायला लागतं.

आमच्याकडे पाइपच्या गॅसचं मीटर वाचायला माणूस येतो. मागच्या खेपेला त्याने आकडा पाहिला, मीटरवर टिचकी मारली, पुन्हा पाहिला. "अडकलंय का हो हे?" मी म्हटलं, "नाही, चहा होतो ना रोज." तो जरा घुटमळला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरात काही झालंय का?" बघा, मुंबईत अजूनही अशी माणसं आहेत ज्यांना चूल पेटली नाही की सुतक आठवतं. त्यांच्या नादी लागू नका.

लोक म्हणतील, स्वयंपाक करायला वेळ लागतो म्हणून बाहेरून मागवता ना? अगदी बरोबर, वेळच वाचवायचा असतो. गेल्या मंगळवारचा माझाच अनुभव सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. पोट जड होतं म्हणून मुगाची खिचडी खायची ठरली. ८ वाजून १० मिनिटांनी ॲप उघडलं. खिचडी सत्तावीस ठिकाणी मिळत होती. त्यातल्या चार ठिकाणांच्या खिचडीचा फोटो एकच होता, आणि नीट पाहिलं तर पत्ताही एकच. एकाच ओट्यावर एकच पातेलं, नावं चार: एक आजीच्या नावाचं, एक गावाच्या, एक आरोग्याच्या आणि एक इंग्रजी. मी आजी निवडली. खिचडी २२९ रुपये. तेवढ्यात दिसलं की ३४९ पासून पुढे ७५ रुपये सूट आहे. पोट जड होतं, तरी १२० रुपयांचे गुलाबजाम घेतले. सूट सोडायची नसते. मग पॅकिंगचे २५, ॲपची फी १२, पावसाचे २०, वर ५ टक्के जीएसटी. झाले ३४६. नुसती खिचडी २९९ ला पडली असती. ७५ रुपये वाचवायला ४७ रुपये जास्त गेले, पण वाचवल्याचं समाधान वेगळंच असतं.

हे सगळं ठरायला ८ वाजून ५० मिनिटं झाली. ९ वाजून ३५ मिनिटांनी पिशवी आली. मधल्या वेळात शेजारच्या वहिनी ऑफिसातून आल्या, पर्स टाकल्याचा आवाज झाला, नळ वाहिला, आणि कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. मग वाफ जिरेपर्यंत शांतता. मग लसणाची फोडणी. तो वास आमच्या दाराच्या फटीतून आत आला तेव्हा माझी ऑर्डर नकाशावर एका सिग्नलला उभी होती. साडेनऊला त्यांची ताटं घासून झाली होती. एवढी घाई कशासाठी, कळत नाही. मी तर अजून सोफ्यावर आरामात उपाशी होतो.

या वहिनींचं खरं गुपित बायकोने सांगितलं. संध्याकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात, बसायला मिळालं की, पिशवीतून मेथीची जुडी निघते. चर्चगेटला जुडी, बोरिवलीला निवडलेली पानं. शेजारची अनोळखी बाईसुद्धा मूठभर मटार ओढून घेते आणि सोलायला लागते, बोलता बोलता. हा वेळ मोबाइलवर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहण्यात घालवता आला असता. वाया जातो.

पाकिटांबद्दल दोन शब्द. पाकीट नेहमी पुढून वाचावं. पुढे पालक असतो, मळ्यातला शेतकरी असतो, 'घरगुती चव' असतं. मागे बारीक अक्षरात मिठातलं सोडियम असतं, तेही बहुधा १०० ग्रॅमला किती, आणि पाकीट भलत्याच वजनाचं, म्हणजे गणित आलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाच्या चमच्याएवढंही नाही. आपली आई 'चवीपुरतं मीठ' म्हणायची. आता ती चव कारखान्यात ठरते, तुम्ही फक्त तहान सांभाळा. दोन मिनिटांचे नूडल्स १९८३ मध्ये आपल्याकडे आले, तेव्हापासून पाण्याला उकळी यायचा वेळ कुणीच धरत नाही. ती पाण्याची चूक.

इतिहास काढणारेही भेटतील. म्हणतील, मुंबईनेच हे शिकवलं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली आणि घरचं जेवण ऑफिसात जाऊ लागलं. मान्य. आपण त्यात सुधारणा केली, आता बाहेरचं जेवण घरी येतं. सायकल जाऊन बाइक आली आणि दिशा उलटी झाली, एवढंच.

गिरणगावाचा दाखलाही तोंडावर मारतील. तिथल्या कामगारांकडे खरोखर वेळ नव्हता आणि जागाही नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्या लावून झोपायचे, आणि जेवायला खाणावळवाल्या बाईकडे. ती बाई आपल्याच चुलीवर पंधरा-वीस माणसांचं रांधायची, आणि कोणाला तिखट चालत नाही हे तिला पाठ असायचं. या बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आता काही गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि त्यातल्या एकेका स्वयंपाकघरात ती अख्खी खोली मावेल. त्या ओट्यावर काय असतं म्हणाल तर टिश्यूचा डबा आणि सॉसच्या पुड्या.

हो, पुड्या आणि काळे डबे मात्र टाकू नका. धुऊन, झाकणासकट माळ्यावर ठेवा. आमच्याकडे साठएक असतील. त्यात ठेवायला घरात काही शिजत नाही, ही अडचण तात्पुरती आहे.

पुरुषांसाठी एक खास सूचना. घरच्या जेवणाचं कौतुक जरूर करा, गळा दाटून करा, आईच्या हातची आमटी वगैरे. पण कुकर लावायला शिकू नका. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चमचाभर तूप, हळद, हिंग, मीठ, चार वाट्या पाणी: एवढंसं एकदा जमलं की दुसऱ्या दिवशीही जमतं, आणि मग 'तिला वेळ मिळत नाही म्हणून मागवतो' हे कारण हातचं जातं. मी आजवर टिकून आहे. शिट्टी कशी बसवतात हे मला माहीत नाही, असं मी बायकोच्या देखत सांगतो. चारचाकी चालवतो, आयकर स्वतः भरतो, शिट्टी बसवता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑर्डर आली की खाली गेटवर जाऊ नका. डिलिव्हरीच्या मुलाला वरच बोलवा, सोसायटीने त्याच्यासाठी वेगळी लिफ्ट ठेवली आहेच. मी परवा चूक केली. लिफ्ट बंद होती, तो फोनवर म्हणाला, "दादा, पंधरावा मजला आहे, खाली येता का?" गेलो. पाऊस थांबला होता. गेटच्या पत्र्याखाली बाइक लावून तो तिच्यावर आडवा बसला होता. सीटवर स्टीलचा डबा उघडा होता, दोन कप्प्यांचा. वरच्यात घडीच्या पोळ्या, खालच्यात भरलेली वांगी, आणि झाकणात कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. माझी पिशवी हँडलला लटकत होती.

मला बघून त्याने घाईघाईने हात पुसला. मग सवयीने, जसं घरात कुणी आलं की आपण म्हणतो तसं, म्हणाला, "या जेवायला."

"चालू द्या, चालू द्या," मी म्हटलं.

"ओटीपी सांगा."

सांगितला. जिन्याने पंधरा मजले चढून वर आलो, डबा उघडला, आणि त्याला पाच तारे दिले. जेवण कसं होतं, हा प्रश्न ॲपने पुढच्या पानावर विचारला होता. तो 'नंतर' म्हणून बंद केला.