जुळणीचा आकडा आणि घराण्याचे कागद

डीएनए चाचणीवरून नाते ओळखण्याविषयीच्या तुमच्या लेखातील उदाहरणात दोघांचा सुमारे ८५० सेंटिमॉर्गन (जुळलेला डीएनए मोजण्याचे एकक) डीएनए जुळला म्हणून ते दोघे सख्खे चुलत भाऊच, असा निष्कर्ष काढला आहे. तो मला घाईचा वाटतो, कारण तेवढीच जुळणी पणजोबा-पणतूत किंवा वडिलांच्या सावत्र भावाशीही असू शकते. शिवाय आमच्या कोल्हापूर भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी असल्याने एकच पूर्वज अनेक बाजूंनी येतात आणि डीएनएवरून नाते आहे त्याहून जवळचे भासते. दत्तकाचा प्रश्न तर फार नाजूक आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले शाहू महाराज १८८४ मध्ये छत्रपतींच्या घराण्यात दत्तक आले. अशा ठिकाणी रक्त आणि वंशावळ जुळली नाही, तरी दोन्ही खरीच असतात. लेखकांनी त्या दोघांची जन्मवर्षे, जमिनीच्या वारसनोंदी आणि उपलब्ध असल्यास हेळव्यांच्या (घराण्यांच्या वंशावळी परंपरेने जपणाऱ्यांच्या) वह्या ताडून पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.