पिकअपच्या बॅटरीवर फ्रिज दोन रात्री चालतो, हे खरं नाही

सध्या नागपुरात एक मेसेज फिरतोय, की पिकअपला ८० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी असली की तलावाकाठच्या मुक्कामात मागचा फ्रिज अन लाईट दोन रात्री आरामात चालतात, दुसरी बॅटरी म्हणजे फालतू खर्च. चूक आहे राजेहो. कागदावर १२ गुणिले ८० म्हणजे ९६० वॉट-अवर, पण ही स्टार्टरची बॅटरी, प्लेटा पातळ, एका झटक्यात करंट द्यायला बनवलेली, सारखी अर्ध्याच्या खाली उतरवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती कामातून जाते. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज निम्मा वेळ जरी चालला तरी २४ तासांत ५४० वॉट-अवर खातो, आणि आपल्या मे महिन्यात तर तो बंदच कुठे होतो! मग सकाळी चावी फिरवली की नुसतं कट-कट, अन तलावाकाठी धक्का मारायला माणूस नाही. वेगळी लिथियम बॅटरी घ्या, मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना तिच्या करंटवर ही दुसरी बॅटरी चार्ज करणारा), आणि फ्यूज प्लसच्या टर्मिनलजवळच लावा, कारण पत्र्यावर घासून वायर शॉर्ट झाली तर आग लागते. त्याच मेसेजमध्ये तोतलाडोहला गळ टाका असंही लिहिलंय, ते तर अजिबात करू नका, तो जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे.