कुत्र्याच्या डोळ्यांखालचे डाग: पेरॉक्साइडवाला मेसेज चुकीचा आहे

"पांढऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांखालचे तांबूस डाग हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा, लगेच जातात" असा मेसेज फिरतोय, प्लीज असं करू नका. एक थेंब जरी डोळ्यात गेला तरी कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) इजा होऊ शकते, आणि कुत्रं काही मान स्थिर ठेवत नाही. मुळात ती घाण नाहीये, अश्रूंमधलं पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य ओल्या केसांवर साचून तांबूस दिसतं, काळ्या कुत्र्यांनाही होतं, फक्त कळत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने रोज हळूच पुसून केस नीट कोरडे करा, जुना रंग केस वाढून कापले की जातो. अचानक पाणी वाढलं, पिवळा-हिरवा चिकट स्राव आला किंवा कुत्रं डोळा मिटून ठेवत असेल तर थेट व्हेटकडे न्या. तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.