पंचा घेऊन बाथला

इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगहून बाथ हे गाव दीड तासावर. आठला निघायचं ठरलं होतं, म्हणजे सव्वादहाला निघालो. नवल एवढंच की उशीर आईमुळे झाला नाही. सांगलीहून आल्यापासून पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या आधी बूट घालून, मांडीवर फुगलेली पिशवी घेऊन सोफ्यावर बसली होती. पिशवीत काय, हे मी विचारलं नाही. मी चिरंजीवांचा दुसरा मोजा शोधत होतो.

गावाबाहेर लॅन्सडाउनला गाडी लावून बस पकडली. ("गाडी असून बस?" – बाबा.) रॉयल क्रेसेंट म्हणजे मधाच्या रंगाच्या दगडातली तीस घरांची चंद्रकोर, १७६७ ते १७७४ या काळात बांधलेली. बाबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. "चाळच की. फक्त वाकडी."

रोमन स्नानगृहाच्या तिकिटाचा त्यांनी खिडकीपाशीच मोठ्याने रुपयांत गुणाकार केला. आत गेलो. उघड्या आभाळाखाली हिरवंगार पाणी, वर वाफ. आणि आईने पिशवी उघडली. पंचा, परकर, कोरडी साडी, तांब्या.

"कपडे कुठे बदलायचे रे?"

चूक माझीच. फोनवर मीच सांगितलं होतं, वज्रेश्वरीसारखं गरम पाण्याचं कुंड आहे, गावाचं नावच मुळी आंघोळ. त्या भरवशावर, आंघोळीशिवाय घोटभर चहा न घेणारी ही बाई सकाळपासून पारोशी आणि उपाशी होती. इथे १९७८ पासून कुणालाच पाण्यात उतरू देत नाहीत, हे मी सांगितलं. "बाथला येऊन आंघोळ नाही?" आईने एवढंच विचारलं, पण असं, की मीच ती बंदी घातली होती. बायकोने सुचवलं, शेजारी याच पाण्याचा नवा स्पा आहे, स्विमिंग कॉश्च्यूम घालून सगळे एकत्र डुंबतात. त्यानंतर बायको बराच वेळ काही बोलली नाही.

बाबा मात्र खुलले होते. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. ४६ अंशांचं पाणी, रोज ११ लाख ७० हजार लिटर, तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे अजून तिथेच, जादा पाणी आजही त्यांच्याच गटारातून नदीला जातं! "आमच्या कालव्याला पहिल्याच पावसात भेग पडली होती," ते अभिमानाने म्हणाले की दुःखाने, ते कळलं नाही.

आईला देवी भेटली. इथली मूळची सुलिस, बाहेरून आलेल्या रोमनांनी तिला आपली देवी मिनर्व्हा जोडून दिली. हे मी समजावून सांगायच्या आतच तिने हात जोडले. "आपल्याकडे जाखाईला पार्वती म्हणतात, तसंच." त्याहून आवडले ते शाप. कुणाची वस्तू चोरीला गेली की शिसं-कथलाच्या पत्र्यावर गाऱ्हाणं लिहायचं, गुंडाळी करून देवीच्या कुंडात टाकायचं. असे सव्वाशेच्या वर पत्रे सापडलेत. कुणा डोसिमेडिसचे दोन हातमोजे गेले, तर चोराची मती आणि डोळे जावोत, अशी त्याची मागणी. "हातमोज्यांसाठी डोळे म्हणजे जास्तच होतंय," आई म्हणाली.

शेवटी नळावर ते पाणी चाखायला मिळतं. कोमट, गंजक्या खिळ्याच्या चवीचं. आईने ओंजळीत घेऊन प्यायलं, डोळ्यांना लावलं, उरलेलं डोक्यावरून फिरवलं. झाली आंघोळ.

मग ॲबी नावाच्या इथल्या मोठ्या चर्चसमोरच्या बाकावर बसून तिने फॉइल उलगडलं. दिवसातलं पहिलं अन्न: धपाटं, वर शेंगदाण्याची चटणी. पहिला तुकडा मोडणार, एवढ्यात वरून पांढरा पट्टा सपकन आला आणि अख्खं धपाटं घेऊन ॲबीच्या कळसावर जाऊन बसला. समुद्र केवढा लांब, पण या गावात सीगल पोटापाण्याला स्थायिक झालेत.

हातमोज्यांबद्दलचं मत आईने तत्काळ बदललं.

"घे रे पेन," ती नातवाला म्हणाली. त्याने रिकामं फॉइल मांडीवर सपाट केलं. "लिही. पिवळी चोच, पांढरं अंग. मेल्याचं तळपट होवो."

त्याने निम्मं लिहिलं आणि मान वर केली.

"आजी, तळपटचं स्पेलिंग काय?"